वॉटर-बेस्ड रिमूव्हरने जुना रंग का सुटत नाही, आणि कसा सुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या लाकडी दारावर ऑइल पेंटचे सहा-सात हात चढले आहेत. वॉटर-बेस्ड पेंट रिमूव्हर लावून अर्धा तास थांबलात आणि खरवडलंत, तर फक्त वरची चकाकी गेली. ओळखीचे रंगारी म्हणतात, ‘जुना, उग्र वासाचा रिमूव्हर आणा, दहा मिनिटांत पोपडे सुटतील.’ घरात लहान मूल आहे. दारानंतर खिडक्यांचे लोखंडी गजही करायचे आहेत.

आधी उत्तर सांगतो. तुमच्या हातातला डबा बहुधा चांगलाच आहे. त्याला अर्ध्या तासाऐवजी आठ ते बारा तास द्या, थर आत्ता लावलात त्याच्या तिप्पट जाड लावा आणि वरून प्लास्टिकने झाका. उग्र वासाचा डबा घरात आणू नका. आणि पुढचं काही खरवडण्याआधी त्या रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. मूल घरात असताना ही तपासणी रिमूव्हरच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची आहे.

आता त्या उग्र डब्याबद्दल. झटपट काम करणाऱ्या जुन्या रिमूव्हरमध्ये मुख्य द्रव्य असतं डायक्लोरोमिथेन, म्हणजेच मिथिलीन क्लोराइड. रंग सोडवण्यात त्याला तोड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे उघड्या डब्यातून ते सतत हवेत जात असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. ती जमिनीलगत साचते, आणि आपण दाराच्या खालच्या फळीपाशी वाकून काम करतो तेव्हा तोंड नेमकं त्या थरात असतं. श्वासातून आत गेलेल्या भागापैकी काही भागाचं शरीर कार्बन मोनॉक्साइड बनवतं, आणि कामावरून उठून बाहेर आल्यावरही ते बनणं चालूच राहतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना लेप काढताना या रसायनाने १३ कामगार दगावल्याची नोंद आहे. १९८० ते २०१८ या काळातल्या तिथल्या मृत्यूंची नंतर मोजणी झाली, तेव्हा आकडा ८५ निघाला. नेहमीचा कार्बनच्या डबीचा मास्क लावून भागत नाही, कारण ही वाफ त्या डबीतून फार लवकर आरपार येते. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच लागतो. युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांसाठी या रिमूव्हरवर आधीच बंदी आणली होती. अमेरिकेने २०१९ मध्ये ग्राहकांना विक्री थांबवली आणि २०२४ च्या नियमाने बहुतेक औद्योगिक व व्यावसायिक वापरही टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

मी स्वतः कित्येक वर्षं तेच वापरलं. संध्याकाळी डोकं जड व्हायचं, पायऱ्या चढताना धाप लागायची, आणि तो दिवसभराच्या कामाचा शीण आहे असं मी धरून चालायचो. डबा बदलल्यावर तो शीण गेला. म्हणून या बाबतीत मी कुणालाही ‘खिडक्या उघड्या ठेवा आणि वापरा’ असा मधला सल्ला देत नाही.

आता तुमचं दार का सुटलं नाही ते. रिमूव्हर रंगाला ‘खात’ नाही. त्याचे रेणू रंगाच्या थरात शिरतात, थर फुगतो, त्याला आडवं पसरायला जागा नसते, म्हणून तो सुरकुततो आणि खालच्या लाकडावरची पकड सोडतो. डायक्लोरोमिथेनचा रेणू लहान आणि चपळ असतो, तो मिनिटांत आत शिरतो आणि तितक्याच वेगाने उडूनही जातो. वॉटर-बेस्ड डब्यांत बऱ्याचदा बेंझाइल अल्कोहोल असतं. त्याचा रेणू मोठा, चाल मंद. पण त्याचा उकळबिंदू सुमारे २०५ अंश आहे, म्हणजे ते उडून जात नाही, जागेवर बसून राहतं. जुन्या डब्याचं बळ वेगात होतं, याचं बळ टिकून राहण्यात आहे. अर्ध्या तासात तुम्ही जे पाहिलंत ती फक्त सुरुवात होती. सातव्या हातापर्यंत पोचायला त्याला अख्खी रात्र लागते, आणि ती दिली तर तो पोचतो.

यातलं पाणी रंग काढत नाही. बेंझाइल अल्कोहोल पाण्यात जेमतेम ४ टक्के विरघळतं, त्यामुळे डब्यात असतं ते दुधासारखं मिश्रण, घट्ट करणारी द्रव्यं घालून मलमासारखं केलेलं. पाण्यामुळे आग लागण्याची भीती कमी होते, मलम उभ्या पृष्ठभागावर टिकतं आणि शेवटी धुऊन काढता येतं. अडचण एवढीच की सगळ्यात आधी पाणीच उडतं. वरती साय धरते, मग थर सुकतो, आणि सुकलेल्या थरातून द्रावक रंगाकडे सरकत नाही. उघडा ठेवलेला वॉटर-बेस्ड रिमूव्हर दोन तासांत वाळतो आणि माणूस म्हणतो, ‘हे काही चालत नाही.’ मला आजवर दाखवलेल्या फसलेल्या कामांपैकी बहुतेक कामं या एकाच कारणाने फसलेली होती. ओला आहे तोवर तो काम करतो. त्यामुळे प्लास्टिकचं झाकण ही ऐच्छिक गोष्ट नाही, तो कृतीचाच भाग आहे.

डबा घेताना ‘वॉटर-बेस्ड’, ‘इको’, ‘बिनवासाचा’ या शब्दांवर थांबू नका. मागची बाजू वाचा, आणि सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. त्यात घटकांची नावं असतात. बेंझाइल अल्कोहोल असेल तर बरं. डायमिथाइल अॅडिपेट, ग्लूटारेट, सक्सिनेट ही नावं दिसली तर ते डायबेसिक एस्टर. वास कमी, वाफ कमी, पण आणखी मंद, आणि बंद खोलीत वाफ साचली तर काहींना दिसायला धूसर होतं. सोयाबीन तेलापासून केलेली मिथाइल एस्टर जाड ऑइल पेंटवर चांगली चालतात, पण मागे तेलकटपणा ठेवतात. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन नैसर्गिक खरं, पण ते हवेने जुनं होत गेलं की त्वचेला अॅलर्जी आणतं, आणि पेटतंही. एन-मिथाइल पायरोलिडोन हे नाव दिसलं तर डबा परत ठेवा. ते पाण्यात सहज मिसळतं, वासही फारसा नाही, म्हणून बराच काळ ते ‘सुरक्षित’ म्हणून विकलं गेलं. पण ते त्वचेतून आत जातं आणि गर्भाला अपाय करणारं म्हणून वर्गीकृत आहे. गर्भवती स्त्री किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेलं जोडपं घरात असेल तर त्याच्या आसपासही जाऊ नये.

कॉस्टिक सोड्याची पेस्टही पाण्याचीच असते, पण तिला मी वेगळ्या खणात ठेवतो. तिच्यात द्रावक नसतं, वाफेचा त्रास नसतो, आणि जुन्या तेलाच्या रंगाचा ती अक्षरशः साबण करते. जाड ऑइल पेंटवर तिच्यासारखं काही नाही. मात्र त्वचा आणि डोळे ती तितक्याच सहजपणे जाळते. ओक, अक्रोड, महोगनी अशा टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असलेल्या लाकडाला ती काळं पाडते, आणि तो काळेपणा काढणं हे रंग काढण्याहून मोठं काम होऊन बसतं. अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा ती खाते, वर हायड्रोजन वायू सोडते. अॅक्रिलिक आणि इपॉक्सीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. दार पुन्हा रंगवायचंच असेल आणि लाकूड उघडं दाखवायचं नसेल तर तिचा विचार होऊ शकतो. पण घरात लहान मूल असताना रात्रभर कॉस्टिकची पेस्ट लावलेलं दार उभं ठेवणं मला पटत नाही.

रिमूव्हरचा डबा उघडण्याआधी एक साधी परीक्षा करा. दाराच्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर धरा. थर चिकट होऊन फडक्यावर उतरला तर ते लाखेचं पॉलिश आहे, स्पिरिट आणि फडक्यानेच निघेल. उघडी ज्योत मात्र जवळ नको. कोमट पाण्याने पुसताच रंग उतरत असेल तर तो जुना डिस्टेंपर. या दोन्हींसाठी रिमूव्हर वापरणं म्हणजे पैसा आणि श्रम वाया. तुमच्या दारावर चकाकी आहे आणि हात बरेच आहेत, तेव्हा ऑइल पेंटच असणार. पण सगळ्यात खालचा हात वेगळ्या प्रकारचा असू शकतो, आणि तो शेवटी हट्टाने चिकटून राहिला तर त्याला वेगळा उपाय करावा लागतो.

त्यानंतर नमुन्याची जागा. हा भाग टाळू नका. तळहाताएवढे चार चौकोन घ्या, प्रत्येकावर जाड मलम लावा, प्लास्टिक चिकटवा, आणि २, ६, १२ आणि २४ तासांनी एकेक उघडा. खरवडून पाहा, कुठला चौकोन लाकडापर्यंत गेला. या चार चौकोनांतून तुमच्या दाराला किती वेळ द्यायचा ते नक्की कळतं, आणि डब्यावर छापलेल्या वेळेपेक्षा हे उत्तर जास्त विश्वासाचं असतं. तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान असलं की काम नीट चालतं. १५ अंशांच्या खाली वेग फारच मंदावतो. दार उन्हात ठेवून वेग वाढवायला जाऊ नका, त्याने मलम फक्त लवकर सुकतं.

लावताना ब्रशने भरपूर माल उचला आणि एकाच दिशेने पसरवत न्या. रंग देताना आपण ब्रश मागे-पुढे ओढून थर सारखा करतो, ती सवय इथे नडते. थर पातळ होतो आणि जागोजागी उघडा पडतो. दोन ते तीन मिलिमीटर जाडी ठेवा. खालचा रंग मलमातून अजिबात दिसता कामा नये. दार बिजागऱ्यांतून काढून आडवं टाकता आलं तर सर्वात उत्तम, मग जाडी राखणं सोपं जातं. पातळ प्लास्टिक अंथरून हाताने दाबत हवेचे बुडबुडे काढा, कडा चिकटपट्टीने बंद करा. सकाळी एक कोपरा उचलून पाहा. रंग मऊ पडून सुरकुतला असेल तर एका वेळी हातभर भाग उघडा, बाकीचा झाकलेलाच राहू द्या.

खरवडायला प्लास्टिकची किंवा बोथट धारेची पट्टी घ्या, आणि लोखंडी असेल तर तिचे कोपरे कानशीने गोल करून घ्या. ओलं लाकूड मऊ झालेलं असतं, धारदार पटाशीने त्यात सहज खाचा पडतात. जोर लावावा लागत असेल तर वेळ पुरा झालेला नाही असं समजा, पुन्हा मलम लावा आणि झाका. नक्षीत आणि खोबणीत पितळी तारांचा मऊ ब्रश, जाड सुतळी, बांबूची टोकदार काडी यांनी काम होतं. लोखंडी तारेचा ब्रश ओल्या लाकडावर नको. त्याचे बारीक तुकडे अडकतात, गंजतात आणि टॅनिनच्या लाकडावर निळे-काळे ठिपके पडतात. मुख्य रंग निघाल्यावर लाकडाच्या रेषांत अस्तराचे पांढुरके अवशेष राहतात. त्यासाठी दुसरा पातळ हात लावून एखाद-दोन तास पुरतात.

मग धुणं, आणि इथेही घाई नको. द्रावक उडून जाणारं नाही, ही त्याची ताकद आता उलट बाजूने आड येते. लाकडाच्या छिद्रांत राहिलेलं बेंझाइल अल्कोहोल नवीन रंगाला आतून मऊ ठेवतं. वर्षभर चिकट राहणारं दार पाहिलंत तर बऱ्याचदा कारण हेच असतं. कोमट पाण्यात थोडा साबण घालून स्पंजने पुसा, स्पंज दर वेळी स्वच्छ करा, मग दोन-तीन वेळा साध्या पाण्याने. लाकडावर पाण्याची धार सोडू नका. जुन्या सामानावर व्हेनिअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, सरसाने चिकटवलेलं असतं. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, तेव्हा अशा वस्तूला वॉटर-बेस्ड रिमूव्हर रात्रभर लावून ठेवूच नये. कॉस्टिक वापरलं असेल तर धुतल्यावर पातळ व्हिनेगर फिरवा आणि लिटमस कागदाने तपासा. नंतर सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या. दोन दिवस तरी लागतातच, जाड चौकटीला आठवडाही लागतो. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर १५ टक्क्यांच्या वर असताना अस्तर लावू नका.

वाळल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला की खरखर लागते. नेहमी आपण तिथे कोरडा पॉलिश पेपर फिरवतो. इथेच शिशाचा प्रश्न पुन्हा येतो.

पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं रंगद्रव्य म्हणूनही असायचं आणि लवकर सुकवणारं द्रव्य म्हणूनही. अमेरिकेने घरगुती रंगांत त्यावर १९७८ मध्ये बंदी आणली. अनेक देशांत नियम त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. त्यामुळे वय माहीत नसलेला प्रत्येक जुना थर संशयास्पदच धरावा. लहान मुलांच्या रक्तात शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. तपासताना वरचा थर खरवडून उपयोग नाही, शिसं असेल तर सर्वात खालच्या हातांत असेल. चाकूने तिरका छेद देऊन सगळे थर उघडे करा आणि त्या छेदावर चाचणी करा, किंवा लाकडापर्यंतचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. बाजारातल्या रंग बदलणाऱ्या चाचणीवर ‘शिसं नाही’ असं आलं तरी मूल असलेल्या घरात मी प्रयोगशाळेचंच उत्तर धरतो.

ओल्या पद्धतीने रंग काढण्याचा सर्वात मोठा फायदा हाच आहे की धूळ उडत नाही. कोरडं घासणं, मशीनने घासणं, ज्योतीने जाळणं या तिन्हींत शिसं हवेत जातं. पण रिमूव्हर शिशाचं काही करत नाही, ते फक्त चिखलात बांधून ठेवतो. तो चिखल वाळला, पायाखाली आला की पुन्हा धूळच. म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरा, खरवडलेला माल ओला असतानाच गुंडाळून पिशवीत बंद करा, जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मूल त्या खोलीत काम संपून पुसणं होईपर्यंत येणार नाही अशी व्यवस्था करा. शक्य असेल तर तेवढे दिवस ते दुसऱ्या घरी असू दे. कामाचे कपडे वेगळे धुवा. आणि उभे राहिलेले तंतू ओल्या वॉटरपेपरनेच घासा, कारण लाकडाच्या छिद्रांत शिसं थोडं तरी उरतंच. चिखल आणि धुतलेलं पाणी गटारात किंवा बागेत टाकू नका. बेंझाइल अल्कोहोल निसर्गात विघटित होतं हे खरं, पण त्यात उतरलेला रंग विघटित होत नाही. घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे तो द्यावा लागतो.

हातमोज्यांबद्दल फार जण चुकतात. पातळ, एकदा वापरून फेकायचे नायट्राइल मोजे बेंझाइल अल्कोहोलला थोडाच वेळ अडवतात, मोजा न फाटताही द्रावक आत येतं. ब्युटाइल रबरचे लांब मोजे घ्या. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला चष्मा हवाच. काही वॉटर-बेस्ड डब्यांत वेग वाढवायला फॉर्मिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेलं असतं, आणि ब्रशच्या केसांवरून उडालेला एक थेंब पुरेसा होतो. वाफ कमी असली तरी शून्य नसते. रात्रभर लावलेल्या दाराच्या खोलीत कुणी झोपू नये, खिडकी उघडी राहू द्या.

आता गज. त्यांच्यावर फॉर्मिक आम्लाचा डबा वापरू नका, लोखंड लगेच गंज धरतं. साध्या वॉटर-बेस्ड मलमानेही धुतल्यानंतर काही तासांत लालसर झाक येते, म्हणून गज दाराबरोबर एका दमात करायचा बेत सोडा. एका दिवसात जेवढे गज धुऊन, पुसून, गरम हवेने वाळवून त्यांच्यावर गंजरोधक अस्तर मारता येईल तेवढेच घ्या. गोल गजावर मलम टिकत नाही, त्याभोवती प्लास्टिकची पट्टी मलमपट्टीसारखी गुंडाळा. कारखान्यात भाजून चढवलेला पावडर कोट किंवा दोन डब्यांचं इपॉक्सी असेल तर हे मलम दोन रात्रींनंतरही अर्धवटच काम करेल, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्याआधी एक पाहा: नखाने, मग चाकूच्या टोकाने रंग उचलला जातो का? जिथे जुना रंग घट्ट धरून आहे तिथे तो काढायची गरजच नाही. सुटलेल्या आणि गंजलेल्या जागा तेवढ्या मलमाने मोकळ्या करा, कडा ओल्या वॉटरपेपरने उतरत्या करा, अस्तर मारा आणि वरून नवा हात द्या. गज चौकटीत जिथे शिरतात त्या खालच्या टोकांपासून सुरुवात करा. पाणी तिथे साचतं आणि गंज बहुतेक तिथेच असतो.